लिंबायतच्या शाळेत निकालाचा दिवस

आपल्या अंकात दर वर्षी निकालांच्या मोसमात गुणवंतांच्या अभिनंदनाचं एक पान असतं. दहावीला अमुक टक्के, बारावीला तमुक टक्के, कुणाचा स्कॉलरशिपमध्ये नंबर, कुणाला बाहेरच्या विद्यापीठात प्रवेश. पानभर छोटे छोटे फोटो. मी ते पान दर वेळी नीट वाचतो. ओळखीचं कुणी दिसलं की आईला फोन करून सांगतोही.

यंदा मात्र मला अशा एका शाळेच्या निकालाबद्दल लिहायचं आहे, जिथलं एकही नाव त्या पानावर येणार नाही. शाळा मराठी आहे, सुरतेत आहे आणि माझी आहे. म्हणजे मी तिथे सातवीपर्यंत शिकलो.

सुरत म्हटलं की आपल्या बहुतेक मंडळींना दोनच गोष्टी आठवतात. एक, शाळेच्या इतिहासातली महाराजांची १६६४ची स्वारी. दुसरी, लग्नाच्या बस्त्याची साड्यांची खरेदी. पाहुणे आले की आम्हीही त्यांना तेवढंच दाखवतो. साड्यांची मार्केटं, सकाळी गरम लोचो, परत जाताना घारीचा डबा. पण या साड्यांचं कापड विणलं जातं कुठे आणि विणतं कोण, ते बघायला स्टेशनच्या पलीकडे जावं लागतं. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, नवागाम. या भागात खान्देश राहतो. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतली हजारो कुटुंबं गेल्या काही पिढ्यांत इथे आली आणि लूमच्या कारखान्यांत, डाइंग मिलमध्ये, हातगाड्यांवर, रिक्षांवर कामाला लागली. माझे वडील त्यांच्यातलेच. अमळनेर तालुक्यातून आले, बारा तासांच्या पाळीत लूम चालवली आणि मला बीई केलं.

आता आम्ही तापीच्या पलीकडे अडाजणला राहतो. मी घरूनच एका पुण्याच्या कंपनीचं काम करतो. मुलगी सात वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते, नुकतीच दुसरीत गेली. लिंबायत आमच्या घरापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटर असेल. पण गेल्या पाच वर्षांत मी तिकडे फक्त दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा लग्नाला.

एप्रिलमध्ये शाळेच्या आचार्यांचा फोन आला. (गुजरातेत मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात. आमच्या मराठी शाळेतही तोच शब्द रुळला आहे.) म्हणाले, "तुम्ही आपले जुने विद्यार्थी. ३ तारखेला निकाल आहे, मुलांशी दोन शब्द बोला." मी हो म्हटलं आणि मुलीलाही बरोबर घेतलं. तिला सुट्टी होती. शिवाय बाबांची शाळा कशी होती, हे तिने बरेचदा विचारलं होतं.

३ मे, शनिवार. सकाळची शाळा. मेट्रोच्या कामाने अर्धे रस्ते वळवलेले, म्हणून आम्ही साडेसहालाच स्कूटर काढली. पूल ओलांडला, उधना दरवाजा मागे पडला आणि थोड्या वेळाने रस्ता एकदम अरुंद झाला. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, हा कसला आवाज?" लूमचा. खट्याक-खट्याक असा अखंड. या वस्तीत राहणाऱ्याला तो ऐकूच येत नाही, बंद पडला तर मात्र झोपेतून जाग येते. गल्लीगल्लीत दुकानांवर मराठी पाट्या, खान्देशी शेव, कळण्याचं पीठ. एका ट्रॅव्हल्सच्या फळ्यावर नुसती गावांची नावं ओळीने लिहिलेली. धुळे, शिरपूर, चोपडा, पारोळा, अमळनेर. मुलीला ती नावं वाचता आली नाहीत. मी वाचून दाखवली. "हे तर आजोबांचं गाव," ती शेवटच्या नावावर म्हणाली.

ज्यांनी हा प्रवास केला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सुरत आणि खान्देश यांना जोडणारा खरा धागा म्हणजे तापी खोऱ्यातली रेल्वे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती चालू आहे, तेव्हाचं नाव ताप्ती व्हॅली रेल्वे. उधन्याहून निघालेली गाडी बारडोली, व्यारा, उकाई-सोनगड करत नवापूरला येते. नवापूर स्टेशनात दोन्ही राज्यांची हद्द फलाटावरूनच जाते. तिथलं एक बाकडं अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर आणि शेवटी जळगाव. सगळा मिळून ३०० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. लहानपणी मला वाटायचं, जगातल्या सगळ्या गाड्या अमळनेरलाच जातात.

या गाडीमुळे लोक आले आणि या गाडीमुळेच ते पुरते इथले होत नाहीत. लग्न असलं, पेरणी असली, कुणी वारलं, काम सुटलं, की पिशवी उचलायची आणि उधना स्टेशन गाठायचं. मोठ्यांना ते सोपं असतं. पहिली-दुसरीतल्या मुलाचं मात्र त्यात वर्ष जातं.

शाळा तिथेच होती, मजले वाढले होते. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. शहरात कामाला कोण कोण आलं, हे शिरगणती न वाचताही या यादीवरून कळतं. आमच्या इमारतीत सकाळी मराठी शाळा भरते आणि दुपारी दुसऱ्या माध्यमाची. त्यामुळे फळ्याच्या कोपऱ्यात दोन सुविचार असतात, दोन लिप्यांत, आणि एकमेकांचा सुविचार पुसायचा नाही असा अलिखित नियम आहे. तो माझ्याही वेळी होता.

इथली मुलं जी पुस्तकं शिकतात ती पुण्याच्या बालभारतीची नसतात. गुजरातचं पाठ्यपुस्तक मंडळ गांधीनगरहून मराठी माध्यमाची पुस्तकं छापतं. त्यात इतिहास-भूगोल गुजरातचा, भाषा मराठी. जोडीला गुजराती हा विषय असतोच. २०२३च्या कायद्याने तो पहिली ते आठवी सगळ्याच माध्यमांच्या शाळांना सक्तीचा झाला आहे. घरी ही मुलं अहिराणी बोलतात, शाळेत पुस्तकी मराठी, दुकानात गुजराती, आणि शेजारच्या ओडिया किंवा भोजपुरी मुलांशी क्रिकेट खेळताना हिंदी. इथला मुलगा सहज म्हणून जातो, "बाई, माझी चोपडी घरी राहून गेली." चोपडी म्हणजे वही-पुस्तक. पुण्यातला माणूस हसेल. मला ते ऐकून घरी आल्यासारखं वाटलं.

कार्यक्रम वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. दोन पंखे, सतरंज्या, समोर पाच-सहा खुर्च्या आणि बाजूला चाकांचा मोठा फळा. पहिली ते आठवी मिळून दोनशेच्या आतली शाळा, त्यातली बरीच मुलं आईबरोबर आलेली. काही वडील रात्रपाळी करून थेट आलेले, केसांत कापसासारखा धाग्यांचा भुसा. एक आई दारातच बाईंना विचारत होती, "मन्ही आंडेर पास व्हयनी ना?" माझी मुलगी पास झाली ना? बाई हसून म्हणाल्या, "व्हयनी, व्हयनी. आत बसा."

फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, 'आपल्या शाळेच्या वर्षभराच्या बातम्या'. खाली नऊ ओळी. माझ्या मुलीने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आचार्यांशी बोलण्यात होतो. तिच्या शेजारी तिसरीतला एक मुलगा बसला होता. त्याने विचारलं, "तुला वाचता येत नाही?" त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं, कारण ती त्याच्याशी मराठीतच बोलली होती. मग त्याने बोट ठेवल्यासारखं हवेत बोट फिरवत तिला एकेक ओळ वाचून दाखवली.

खो-खोचा संघ खेल महाकुंभात झोनपर्यंत पोचला आणि दुसरा आला. चौथीच्या मुलींनी गच्चीवरच्या कुंड्यांत मेथी आणि पालक काढला. सहावीतल्या एकाने विज्ञान मेळाव्यात लूमच्या जुन्या मोटरीचा पंखा करून दाखवला. पाचवीचा वर्ग वर्षभरात वाचनात एकही मूल मागे न ठेवता पुढे गेला. आठवीतल्या दोघी एनएमएमएस परीक्षा पास झाल्या. अशाच आणखी काही. आणि सर्वांत शेवटची, नववी ओळ:

'तिसरी: जूनमध्ये ३४, मेमध्ये ३१.'

तो मुलगा ही ओळ वाचून थांबला. मुलीने विचारलं, "ही कसली बातमी?" तो म्हणाला, "आमच्या वर्गाची."

बक्षिसं वाटली गेली. कंपासपेट्या, पाण्याच्या बाटल्या, जवळच्याच एका कारखानदाराने दिलेली दप्तरं. टाळ्या सगळ्यांना सारख्याच पडत होत्या. एनएमएमएसच्या दोघींना पुढे बोलावलं तेव्हा आचार्यांनी पालकांना नीट समजावून सांगितलं, आणि ते मीही इथे सांगतो, कारण आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या मुलांनाही ते लागू पडू शकतं. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेतली आठवीची मुलं परीक्षेला बसू शकतात, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मुलाच्या खात्यात जमा होतात. म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. अट अशी की मुलाने शाळा सोडायची नाही, आणि शिकायचं तेही सरकारी किंवा अनुदानित शाळेतच.

त्या दोघींपैकी एकीचे वडील उठून म्हणाले, "सर, आम्ही दिवाळीनंतर गावाला जायचा विचार करतोय." शेड एकदम शांत झालं. आचार्य लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही जा. तिला आत्याकडे ठेवा. निदान दहावीपर्यंत." वडील म्हणाले, "बघतो." ती मुलगी प्रमाणपत्र हातात धरून वडिलांकडे न बघता समोर बघत उभी होती. मला त्या 'बघतो'चा अर्थ माहीत आहे. आमच्या घरीही तो शब्द खूप वापरला जायचा.

नंतर मला बोलायला उभं केलं. मी तयारी करून गेलो होतो. मेहनत करा, कम्प्युटर शिका, स्वप्नं मोठी ठेवा, असलं काहीतरी. ते सगळं बाजूला ठेवलं आणि १९९४ची गोष्ट सांगितली.

त्या वर्षी जूनमध्ये मी याच शाळेत पहिलीत बसलो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शहरात प्लेगची बातमी पसरली आणि दोन-तीन दिवसांत लाखो माणसं सुरत सोडून निघाली. आम्हीही. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं, गाडीच्या दारात लोंबकळणारी माणसं आणि तोंडाला बांधलेले रुमाल एवढंच मला आठवतं. गावी आजीकडे राहिलो. साथ आटोक्यात आली, पुढच्या वर्षी नव्या आयुक्तांनी शहर असं धुऊन काढलं की सुरतचं नाव देशभर झालं. पण आम्ही लगेच परतलो नाही. वडील एकटे आले, काम बघितलं, खोली बघितली. मी आणि आई आलो ते थेट जानेवारीत, संक्रांत झाल्यावर. चार महिने शाळा नाही. आई मला घेऊन भीत भीत वर्गाच्या दारात उभी राहिली. तिला वाटलं होतं, नाव काढून टाकलं असेल, आता पुढच्या जूनमध्ये पुन्हा यावं लागेल. बाईंनी हजेरीपट उघडला. नाव होतं. चार महिने रोज त्या नावापुढे गैरहजेरी मांडली होती. पण नाव कापलं नव्हतं. त्यांनी मला हाक मारून जागेवर बसवलं. बास, एवढंच झालं. त्या वर्षी मी पास झालो.

मी मुलांना एवढंच सांगितलं आणि बसलो. भाषण पाच मिनिटांचंही झालं नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यानंतर नाश्ता होता.

नाश्त्याच्या वेळी मी तिसरीच्या बाईंना फळ्यावरच्या त्या शेवटच्या ओळीबद्दल विचारलं. मला वाटलं होतं, तीन मुलं कमी झाली ही काही अभिमानाने लिहायची गोष्ट नाही. बाई म्हणाल्या, "सर, गेल्या वर्षी याच वर्गात दहा कमी झाली होती."

मग त्यांनी हिशोब सांगितला. वर्षात दोन वेळा मुलं गळतात. एकदा दिवाळीला, आणि एकदा अखाजीला. अखाजी म्हणजे आपली अक्षय तृतीया. खान्देशात तो माहेरवाशिणींचा सण. गौराईची गाणी, झाडाला झोके, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. वर्षभर दहा बाय दहाच्या खोलीत राहिलेली बाई या सणाला माहेरी जाणारच, आणि मुलांना घेऊन जाणार. यंदा अखाजी ३० एप्रिलला होती आणि निकाल ३ मेला. परीक्षा संपली की निघायचं, निकाल काय, कुणीतरी आणेल, असा रिवाज. त्यात वाईट काही नाही. पण बाईंचा अनुभव असा की निकालाआधी गेलेलं घर जूनमध्ये परत येईलच असं नाही. ज्यांच्या हातात निकालपत्रक पडतं, पुढच्या वर्गाची यादी ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, ती मुलं आईबापांना परत खेचून आणतात.

म्हणून त्या होळीनंतर घरोघरी गेल्या. "अखाजी करा, माहेरी जा, पण यंदा माझ्यासाठी मुलाला चार दिवस मागे ठेवा, किंवा निकालाला परत या." कुणी हो म्हणालं, कुणी हसलं. तरीही आज शेडमध्ये तिसरीची ३१ मुलं होती. त्यातल्या चौघी जणी आदल्या रात्रीच्या गाडीने, बसायला जागा नसताना, मुलांना घेऊन परत आल्या होत्या. बोटांना अजून मेंदी होती. मी पाहिली.

"आणि ते तीन?" मी विचारलं.

बाईंनी पर्समधून एक लहान वही काढली. तीन नावं, समोर गाव, तारीख, फोन नंबर. पहिला मुलगा शिरपूर तालुक्यात. दिवाळीनंतर तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसला, बाईंनी तिथल्या गुरुजींशी फोनवर बोलून खात्री केली. दुसरी मुलगी मालेगावला मामाकडे. तीही शाळेत जाते. त्या दोन नावांपुढे बरोबरची खूण होती. तिसऱ्यापुढे काही नव्हतं. फेब्रुवारीत घर रिकामं झालं, फोन बंद. शेजाऱ्यांना फक्त शिंदखेड्याकडचं गाव एवढंच माहीत. "मी दाखला दिलेला नाही आणि नाव काढलेलं नाही," बाई म्हणाल्या. "दाखला मागायला कुणीतरी येईल, तेव्हा कळेल तरी कुठे आहे."

आता मी इंजिनिअर. माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. मुलांची रोजची हजेरी आता ऑनलाइन भरली जाते, गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात बसून राज्यभरच्या शाळांची आकडेवारी पडद्यावर बघता येते. मी बाईंना म्हटलं, "मी तुम्हाला एक छोटं ॲप करून देतो. मूल आठ दिवस आलं नाही की आपोआप मेसेज जाईल." बाईंनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मेसेज गेला तर वाचणार कोण? आईला वाचता येत नाही आणि बाप रात्रपाळीला. फोन करायला माणूस लागतो, सर. तुम्ही करता का?" आणि वहीचं पान माझ्यापुढे धरलं.

मी तो नंबर माझ्या फोनमध्ये घेतला.

निघताना आचार्यांनी मला बालवाटिकेची खोली दाखवली. नव्या धोरणानुसार पहिलीच्या आधीचा वर्ग आता शाळेतच भरतो. ठेंगणी टेबलं, भिंतीवर चित्रं. मला ताराबाई मोडकांची आठवण झाली. मराठी बाई, पण बालशिक्षणाचं काम त्यांनी सुरू केलं ते गुजरातेत, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर. पुढे सुरत-मुंबई वाटेवरच्या बोर्डीला आणि मग कोसबाडला अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी बालवाड्या आणि अंगणवाड्या उभ्या केल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. मराठी आणि गुजराती माणसांनी मिळून या देशाच्या बालशिक्षणाचा पाया घातला, हे आपल्या मुलांना आपण फारसं सांगत नाही. त्याच्याही आधी, कवळाण्यासारख्या नाशिककडच्या खेड्यातून बडोद्याच्या गादीवर आलेल्या सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेलीत आणि १९०६मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सुरतेच्या शेजारचं नवसारी आणि वाटेवरचं सोनगड त्यांच्याच राज्यात होतं. सक्तीचा कायदा करणं राजाला शक्य असतं. घरोघरी जाऊन मूल चार दिवस थांबवणं हे मात्र कुणा बाईंनाच करावं लागतं, तेव्हाही आणि आजही.

परत येताना मुलगी बराच वेळ गप्प होती. पुलावर आल्यावर म्हणाली, "बाबा, त्या मुलाला चार भाषा येतात. मला वाचायला एकच येते." मी म्हटलं, "तुला मराठी येतं की." ती म्हणाली, "बोलता येतं. त्याने फळा वाचला, मी नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला इंग्रजी माध्यमात आम्हीच घातलं. मला त्याचा पस्तावा नाही, आणि माझ्या जुन्या शाळेत तिला घालेन असंही मी इथे खोटं लिहिणार नाही. पण बोलीभाषेच्या पुढे आम्ही तिला नेलं नाही, हे खरं. बाकीच्यांच्या घरी काय आहे ते ज्याचं त्याला माहीत.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून 'किशोर' उघडला. बालभारतीचं हे मासिक १९७१पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. तुमच्यापैकी ज्यांची मुलं महाराष्ट्राबाहेर वाढत आहेत, त्यांना यापेक्षा सोपी सोय माझ्या माहितीत नाही. पहिल्या दिवशी एका पानाला पाऊण तास लागला. आता वीस मिनिटं लागतात.

आणि शाळेचं काय, तर मी आचार्यांना विचारलं होतं, काय हवं आहे? मला वाटलं, प्रोजेक्टर किंवा कम्प्युटर म्हणतील. ते म्हणाले, "शनिवारी सकाळी दीड तास मुलांचं वाचन ऐकायला कुणी येईल का? एकेका मुलाजवळ बसून, शेवटपर्यंत. आमचे शिक्षक कमी पडतात." पैशांची गोष्ट नव्हती. मी शनिवार देतो म्हटलंय. सुरतेत आपल्या मंडळाची जी मंडळी आहेत, विशेषतः कॉलेजला जाणारी मुलं-मुली, त्यांना माझी विनंती आहे की एखादा शनिवार माझ्याबरोबर चला. मराठी वाचता येत नसेल तरी चालेल. तिसरीतली मुलं शिकवतील.

राहिला तो फोन नंबर. मी पाच वेळा लावला. चार वेळा बंद. पाचव्या वेळी रिंग गेली, एका बाईने उचलला. शाळेतून बोलतोय म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता, मागे बैलगाडीचा की चक्कीचा कसला तरी आवाज. मग ती म्हणाली, "बाईंनी नाव ठेवेल शे का?" मी म्हटलं, ठेवलंय. ती म्हणाली, "यांना विचारते," आणि फोन ठेवला. त्यानंतर तो पुन्हा बंद आहे.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत त्या नावापुढे तारीख लिहिली. खूण केली नाही. शाळा ९ जूनला उघडते आहे.